लेकीला ऑनलाइन हायस्कूलमध्ये घालण्याआधी

अगं, तू पाठवलेलं त्या ऑनलाइन हायस्कूलचं रिपोर्ट कार्ड मी नीट वाचलं. तुझा प्रश्न एका ओळीचा होता, ‘ताई, ग्रॅज्युएशन रेट इतका कमी दिसतोय, तरी घालू का हिला?’ उत्तर मात्र एका ओळीत मावणारं नाही. घाईघाईने हो म्हणून वर्षभराने तुला हळहळ वाटायला नको, आणि आकड्याचा धसका घेऊन लेकीच्या उपयोगाची एखादी वाट आपल्याच हाताने बंद करायलाही नको. फोनवर अशा गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. तुझ्या नवऱ्यालाही वाचायला दे, कारण यातलं निम्मं काम त्याच्या वाट्याचं आहे.

आधी ही शाळा कुठल्या प्रकारची आहे, ते बघू. हे होमस्कूलिंग नाही, आणि महामारीत सगळ्यांच्या घरी झालेलं ते झूमवरचं तात्पुरतं प्रकरणही नाही. ही रीतसर सरकारी शाळा आहे. फी नाही, परीक्षा राज्याच्या, आणि शेवटी हातात पडणारा डिप्लोमाही राज्याने मानलेला. अमेरिकेत याची सुरुवात जुनी आहे. फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल १९९७ साली सुरू झालं. पुढे २००० नंतर चार्टर शाळांच्या, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र बोर्डाखाली चालणाऱ्या शाळांच्या, रूपाने ही लाट राज्याराज्यांत पसरली. तुमच्या ओहायोत चार्टरला कम्युनिटी स्कूल म्हणतात आणि ऑनलाइनवाल्यांना ई-स्कूल. यातल्या कित्येक शाळांचं बोर्ड नावाला स्थानिक असतं. अभ्यासक्रम, सॉफ्टवेअर, कधीकधी शिक्षकसुद्धा एखादी कंपनी पुरवते. यातली सगळ्यात मोठी म्हणजे स्ट्राइड, जिचं नाव २०२० पर्यंत के-ट्वेल्व्ह होतं. दुसरी कनेक्शन्स अकॅडमी, जी २०११ पासून पिअर्सनकडे आहे. पैसा करदात्यांचा आणि कारभार कंपनीचा, हे ध्यानात ठेव. त्याने शाळा आपोआप वाईट ठरत नाही, पण प्रश्न विचारायचा तुझा हक्क त्याने पक्का होतो.

तुमच्या कोलंबसमध्येच एक मोठं प्रकरण होऊन गेलंय. तुम्ही तिथे राहायला जायच्या आधीचं, म्हणून तुला माहीत नसेल. इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो, लोक ‘इकॉट’ म्हणायचे. २००० साली सुरू झालेली ही शाळा वाढत वाढत देशातल्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन शाळांपैकी एक झाली. २०१५-१६ सालासाठी तिने पंधरा हजारांहून अधिक पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे पैसे घेतले. राज्याच्या शिक्षण खात्याने लॉगिनचे आणि अभ्यासाच्या तासांचे पुरावे मागितले, तेव्हा सहा हजार तीनशेच्या आसपासच विद्यार्थी सिद्ध करता आले. कोट्यवधी डॉलर परत करायचा आदेश निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या ऐन मध्यावर, शाळेला टाळं लागलं. सुमारे बारा हजार मुलं रस्त्यावर आली. त्या शाळेत दहातली जेमतेम चार मुलं चार वर्षांत डिप्लोमा घेऊन बाहेर पडत होती. घाबरवायला हे सांगत नाहीये. पुरावा न मिळालेली ती नऊ हजार मुलं पटावर होती, पण अभ्यासाला बसली होती की नाही हे कुणाला ठाऊकच नव्हतं, हे मला तुझ्या मनावर ठसवायचंय. ऑनलाइन शाळेतला खरा धोका हाच आहे: मूल गळतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तुझ्यासमोरच्या आकड्याकडे येऊ. चार वर्षांचा ग्रॅज्युएशन रेट काढतात तो असा: मूल ज्या वर्षी पहिल्यांदा नववीत गेलं, त्या वर्षापासून घड्याळ सुरू. मधे शाळा बदलली तरी घड्याळ थांबत नाही. समज, एखादा मुलगा साध्या शाळेत दोन वर्षं काढून, निम्मी क्रेडिट्स नापास होऊन, अकरावीच्या तोंडाशी ई-स्कूलमध्ये आला. त्याने जीव तोडून अभ्यास केला आणि पाचव्या वर्षी डिप्लोमा मिळवला. घरच्यांना आनंदाने रडू येईल, पण चार वर्षांच्या आकड्यात तो त्या ई-स्कूलच्या खात्यावर ‘वेळेत न झालेला’ म्हणूनच पडतो. म्हणून ओहायोच्या कार्डावर पाच वर्षांचाही आकडा असतो, तो शेजारी ठेवून बघ. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर शाळा मागे पडलेल्या मुलांना उशिरा का होईना पार लावतेय. दोन्ही सारखेच खाली असतील, तर मुलं मधेच गळतायत.

आणि मुलं कोण आहेत हे पाहिल्याशिवाय कुठलाच आकडा वाचू नकोस. हायस्कूलच्या वयात ई-स्कूलकडे वळणारी मुलं एका साच्यातली नसतात. कुणी आजारी असतं, कुणाला शाळेत छळलेलं असतं, कुणाला दिवसा दुकानात काम करावं लागतं, कुणाच्या कडेवर स्वतःचं बाळ असतं. कुणी स्केटिंग नाहीतर टेनिसमध्ये रोज पाच तास घालवतं, आणि बरीचशी मुलं क्रेडिट्स मागे पडल्यामुळे शेवटचा उपाय म्हणून आलेली असतात. देशभराचं चित्र बघितलं तर या शाळांत बरीच वर्षं गोऱ्या मुलांचं प्रमाण इतर सरकारी शाळांपेक्षा जास्त, आणि हिस्पॅनिक व नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं बरंच कमी दिसत आलंय. हे समजण्यासारखं आहे. आई-बाप दोघंही दोन-दोन नोकऱ्या करतात, घरात इंग्रजी नाही, तिथे दिवसभर मुलाच्या शेजारी बसणार कोण? आपल्यासारख्यांची मुलं या शाळांत थोडीच असतात. कार्डावर आशियाई मुलांच्या रकान्यात आकड्याऐवजी रिकामी जागा दिसली, तर गोंधळू नकोस. संख्या फार लहान असली की मुलांची ओळख उघडी पडू नये म्हणून ती झाकतात.

गरिबीचा रकानाही जपून वाच. तो बऱ्याच अंशी शाळेतल्या मोफत जेवणाच्या पात्रतेवरून भरला जातो. ऑनलाइन शाळेत कॅफेटेरियाच नाही, त्यामुळे तो फॉर्म भरायला कित्येक घरांना कारणच उरत नाही. कागदावर दिसतात त्यापेक्षा गरजू मुलं जास्त असू शकतात.

इथवर वाचून तुला वाटेल, म्हणजे दोष शाळेचा नाही, मुलंच अडचणीतली येतात. शाळेच्या माहिती-सत्रात तुला हेच सांगतील. पण ते पुरतं खरं नाही. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संशोधन केंद्राने २०१५ साली सतरा राज्यं आणि वॉशिंग्टन डीसीमधल्या ऑनलाइन चार्टर शाळांचा अभ्यास केला. त्यांनी नुसते सरासरी मार्क मोजले नाहीत. ऑनलाइन शाळेतल्या प्रत्येक मुलासमोर त्याच्यासारखंच साध्या शाळेतलं मूल ठेवलं: आधीचे मार्क तेवढेच, घरची परिस्थिती तशीच, वंश तोच. मग वर्षभरात कोण किती पुढे गेलं ते पाहिलं. ऑनलाइनवाली मुलं वाचनात ७२ दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे पडली, आणि गणितात १८० दिवसांच्या. इथलं शालेय वर्षच साधारण १८० दिवसांचं असतं, म्हणजे गणिताचं वर्ष जवळजवळ पाण्यात. २०२३ च्या त्यांच्याच अभ्यासात फरक थोडा कमी झाला, वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस, पण दिशा तीच राहिली. मुलं कोण आहेत याने आकड्याचा काही भाग समजतो; उरलेला भाग शाळेच्या पद्धतीचा आहे, हे मान्य करूनच पुढे जायचं.

पद्धतीत नेमकं कुठे चुकतं? त्याच २०१५ साली मॅथेमॅटिका या संस्थेने शाळांच्या मुख्याध्यापकांना विचारून एक गोष्ट नोंदवली. साध्या शाळेतल्या मुलाला शिक्षकासमोर बसून एका दिवसात जेवढा वेळ मिळतो, त्यापेक्षाही कमी थेट शिकवणं सर्वसाधारण ऑनलाइन चार्टरच्या मुलाला आठवड्याभरात मिळतं. बाकी सगळं मुलाने एकट्याने, आपल्या गतीने करायचं. ‘आपल्या गतीने’ हे ऐकायला छान वाटतं. चौदा वर्षांच्या मुलीची मंगळवारी सकाळची गती काय असते, हे तुला मी सांगायला नको.

तो दिवस कसा सरकतो ते बघ. साडेआठला मुलगी लॉगिन करते. डॅशबोर्डवर आजचे पाच धडे. नऊला अल्जिब्राचा लाइव्ह वर्ग, पाऊण तासाचा. सगळ्यांचे कॅमेरे बंद, पडद्यावर नुसती नावं. शिक्षिका चॅटमध्ये उत्तर टाका म्हणते, दहा-बारा मुलं टाकतात, बाकीची गप्प. ही पण गप्प, कारण पहिली पायरीच कळलेली नाही आणि सगळ्यांसमोर विचारायचं कसं? रेकॉर्डिंग आहे, नंतर बघू. दुपारी इंग्रजीचा धडा पटापट पुढे क्लिक करून हिरवी खूण मिळते. तू ऑफिसच्या मीटिंगमधून डोकावतेस, पडद्यावर हिरवं दिसतं, तुला बरं वाटतं. अल्जिब्राचा धडा मात्र लाल होऊन राहतो. शुक्रवारपर्यंत लाल चार होतात, दोन आठवड्यांत अकरा. आता तो डॅशबोर्ड उघडायचीच तिला भीती वाटायला लागते. यात मुलगी आळशी नाही आणि शिक्षिका वाईट नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘अगं, तुला ही पायरी कळली नाही ना?’ म्हणायला हवं होतं, ते कुणी म्हटलं नाही, एवढंच झालं.

साध्या वर्गात हे काम शिक्षकाची नजर करते. ऑनलाइन शाळेत ते काम तुझ्याकडे येतं, आणि शाळा त्याला ‘लर्निंग कोच’ असं नाव देते. ते पद मानाचं नाही, राबण्याचं आहे. रोज सकाळी दहा मिनिटं तिच्याबरोबर डॅशबोर्ड उघडायचा, आज काय करायचं ते तिच्या हातून वहीत लिहून घ्यायचं. दुपारी एकदा लाल धडे बघायचे, हिरवे नव्हे. संध्याकाळी एक धडा तिने तुला समजावून सांगायचा, मराठीत सांगितला तरी चालेल. अडलं तर त्याच दिवशी शिक्षिकेला तिनेच मेल करायची, तू शेजारी बसून. तू घरून काम करतेस म्हणजे तू मोकळी आहेस असं नाही, हे तूही मान्य कर आणि नवऱ्यालाही मान्य करायला लाव. दोघांत वार वाटून घ्या. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले तर त्यांचा फार आधार होईल, घरात मोठं माणूस असणं हीच मोठी गोष्ट आहे. पण अल्जिब्राची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नकोस. एवढं तुमच्याने होणार नसेल, तर तसं स्पष्ट कबूल करा. त्यात कमीपणा नाही. मग मात्र ही शाळा तुमच्यासाठी नाही.

आता माझ्या भाचीबद्दल. ती नववीला ऑनलाइन का जायचं म्हणतेय, हे तिच्या तोंडून ऐकलंस का? तिला काही मिळवायचंय म्हणून जातेय, की कुणापासून तरी पळतेय? तू म्हणालीस, शाळेच्या सकाळी तिचं पोट दुखतं आणि शनिवार-रविवारी दुखत नाही. बाळा, हे अभ्यासाचं दुखणं वाटत नाही. आधी तिच्या शाळेच्या काउन्सेलरला भेट, छळाची तक्रार असेल तर लेखी दे. डॉक्टरांनी चिंतेचं निदान केलं, तर ५०४ प्लॅन मागायचा तुला हक्क आहे. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या त्या कलमाखाली शाळेला मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्या लागतात. हे सगळं करूनही शाळेत पाय ठेववत नसेल, तर ऑनलाइन शाळा तिला श्वास घ्यायला जागा देऊ शकते. ती जागा खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. छळातून सुटलेली मुलं घरी शांत होऊन पुन्हा अभ्यासाला लागतात, हेही होतं. पण सुटका झाली की उभारी आपोआप येत नाही. तिच्या आठवड्यात समोरासमोर भेटणारी समवयस्क मुलं असायलाच हवीत, मंडळाची मराठी शाळा असो, नाच असो की पोहणं. ओहायोच्या कायद्याप्रमाणे कम्युनिटी स्कूलच्या मुलांना आपल्या भागातल्या शाळेच्या खेळांत आणि उपक्रमांत भाग घेता येतो. कॉलेज क्रेडिट प्लस या राज्याच्या योजनेतून पुढे कॉलेजचे वर्ग मोफत करता येतात, प्रत्यक्ष जाऊनही. ही दारं उघडी ठेव.

शाळेला फोन करशील तेव्हा माहितीपत्रकातलं ऐकून ठेवू नकोस, हे विचार. आठवड्यात थेट वर्ग किती तास, आणि ते सक्तीचे आहेत का? एका गणित शिक्षकाकडे एकूण किती मुलं? मागच्या वर्षी नववीत असलेल्यांपैकी किती जण यंदा तुमच्याकडेच दहावीत आहेत? राज्याच्या परीक्षेला किती टक्के मुलं प्रत्यक्ष हजर राहिली? कारण बरीच मुलं परीक्षेला आलीच नाहीत तर बाकीच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. कार्डावर ‘प्रोग्रेस’चे तारे किती, ते सगळ्यात आधी बघ. मुलं कुठून निघाली हे धरून ती पुढे सरकली का, हे ते तारे सांगतात, आणि तीन तारे म्हणजे राज्याच्या अपेक्षेइतकं. ग्रॅज्युएशन रेट मध्यम पण प्रोग्रेस चांगली अशी शाळा मला चालेल. उलट असेल तर नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: माझी मुलगी दोन दिवस लॉगिन झाली नाही, किंवा झाली पण काहीच केलं नाही, तर मला फोन कोण करेल आणि कितव्या दिवशी? ओहायोत सलग ७२ तासांचं शिक्षण विनाकारण चुकवलं तर मुलाचं नाव पटावरून आपोआप कमी होतं. रोजच्या शाळेच्या हिशेबाने हे अडीच आठवडे झाले. कायद्याला जाग येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. चांगली शाळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन करते आणि तो कोण करतं हे त्यांना लगेच सांगता येतं. उत्तर देताना तिकडून अडखळले, ‘सिस्टीम आपोआप मेल पाठवते’ असं म्हणाले, तर ती शाळा सोडून दे.

आपल्या लोकांच्या दोन खास गोष्टी. ‘ऑनलाइनच आहे, मग डिसेंबर-जानेवारी पुण्याला राहू’ हा बेत आधी मनातून काढ. ही राज्याची शाळा आहे, तुम्ही राज्यात राहता म्हणून ती मोफत आहे. अनेक शाळा परदेशातून लॉगिन करू देत नाहीत किंवा आधी लेखी परवानगी मागतात. शिवाय कोलंबसचे सकाळचे दहा म्हणजे तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ. दुसरं, तुमची नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात तर ही जागा सुटते. क्रेडिट्स नेता येतात, पण सत्राच्या मधे निघालं तर अर्धं क्रेडिट हातचं जाऊ शकतं. म्हणून यायचं असो की जायचं, सत्र संपतानाच. एपीची, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांची, परीक्षा द्यायची असेल, तर जवळच्या हायस्कूलमध्ये शरद ऋतूतच नाव नोंदवून ठेवावं लागतं. आणि खेळाच्या जोरावर कॉलेजला जायचा विचार असेल तर अभ्यासक्रम एनसीएएला, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेला, मान्य आहे का ते आधी बघ. २०१४ मध्ये त्यांनी के-ट्वेल्व्हशी जोडलेल्या चोवीस शाळांचे अभ्यासक्रम घ्यायला नकार दिला होता.

एकदम उडी घ्यायची गरजही नाही. फ्लोरिडाच्या त्या जुन्या शाळेत हजारो मुलं आपली नेहमीची शाळा सांभाळून एखादा विषय तिथे घेतात, आणि मुलाने विषय यशस्वीपणे पूर्ण केला तरच राज्य त्या शाळेला पैसे देतं. मूल टिकलं तर पैसा, ही अट मला फार शहाणपणाची वाटते. तुमच्या जिल्ह्यातही ऑनलाइन विषय असतील. या उन्हाळ्यात तिला एकच विषय घेऊ दे, शक्यतो गणित, कारण धोका तिथेच जास्त आहे. त्यात ती स्वतःहून बसते का, अडलं की विचारते का, आणि तुम्ही दोघं रोजची ती दहा मिनिटं देता का, हे सहा आठवड्यांत कळेल.

तेव्हा उत्तर असं. त्या शाळेचा ग्रॅज्युएशन रेट हा तिचं भविष्य नाही, पण त्या आकड्यात जी मुलं गळली ती बहुतेक एकटी पडून गळली, हे विसरू नकोस. लाल धडा त्याच दिवशी बघणारं माणूस घरात असेल आणि दुसऱ्या दिवशी फोन करणारं माणूस शाळेत असेल, तर बिनधास्त घाल. दोन्हींपैकी एकच असेल तर एक सत्र करून बघ, पण साध्या शाळेत परतायची वाट मोकळी ठेव. दोन्ही नसतील, तर कितीही गोड बोलले तरी सही करू नकोस. सोमवारी फोन कर, स्पीकरवर ठेव आणि भाचीला शेजारी बसव. प्रश्न तिच्या आयुष्याचे आहेत, निम्मे तिनेच विचारू देत.